पल्ला आणि विसावा

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे नगर मराठी मनाला सर्वस्वी परके नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरास जे राज्य स्थापिले, त्याचाच हा मुलूख. १८५५ साली ते राज्य लयास गेले. परंतु तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात कोरलेला प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही वाचावयास मिळतो, आणि बडोद्याच्या कारभारामुळे महाराष्ट्राच्या परिचयाचे झालेले दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्मही १८२८ साली याच कुंभकोणमातला. या गावाहून तंजावरास जो रस्ता जातो, तो दरासुरमच्या ऐरावतेश्वराला मागे टाकून, भाताच्या खाचरांतून आणि नारळी-केळींच्या बागांतून पापनाशमवरून पुढे सरकतो. अंतर सुमारे ४० किलोमीटर. मोटारीने जाणाऱ्याला हा प्रवास एखाद्या डुलकीपुरता वाटतो.

हे अंतर येथे सांगण्याचे कारण असे की, मॅरेथॉन नावाची जी जगप्रसिद्ध शर्यत आहे, तिचा पल्ला ४२.१९५ किलोमीटरांचा, म्हणजे जवळजवळ कुंभकोणम ते तंजावर एवढाच असतो. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतीचा पल्ला ४२.७५ किलोमीटर ठेवला होता. त्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे आणि काही सेकंदांत १९ वे आले. त्यांच्यासमवेत सदाशिव दातार हेही धावले. पण त्यांना अखेरपर्यंत पोहोचता आले नाही. एकाच्या नावापुढे क्रमांक लिहिला गेला, दुसऱ्याच्या नावापुढे ‘अपूर्ण’ एवढाच शेरा. क्रमांकाचे कौतुक करणारे पुष्कळ असतात. परंतु या ‘अपूर्ण’ शब्दात काय काय सामावलेले असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आणि दूर पल्ल्याच्या धावण्याचे खरे शास्त्र तर याच शब्दाच्या आसपास दडलेले आहे.

मॅरेथॉनहून लांब जी शर्यत, तिला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. तिचा अंदाज येण्यासाठी तंजावरास न थांबता तसेच तिरुचिरापल्लीच्या दिशेने निघावे. आणखी सुमारे ५० किलोमीटर गेल्यावर, तिरुचीच्या टेकडीवरील किल्ला जवळ येऊ लागला की, दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्रेड्स’ शर्यतीचा पल्ला पुरा होतो. पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम नावाच्या रेल्वेच्या एंजिनचालकाने २४ मे १९२१ रोजी ही शर्यत सुरू केली. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधील हा मार्ग. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले आणि १६ जण पोहोचले. ज्या नाताळ प्रांतात ही शर्यत होते, तेथे १८६० पासून मद्रासच्या बंदरातून हजारो तमिळ मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले होते, त्यामुळे कावेरीकाठच्या माणसाला डर्बन हे नावही अपरिचित नाही. आज मात्र भारतातून त्या गावी माणसे जातात, ती हौसेने धावण्यासाठी. आणि त्यांची संख्या लहान नाही.

अशा शर्यतीची तयारी कुंभकोणमात राहून करणारा एखादा मनुष्य आपण कल्पनेने डोळ्यांसमोर उभा करू. वय चाळिशीकडे झुकलेले, पेढीवर कारकुनी, घरी संसार. शर्यत बहुधा जून महिन्यात असते, म्हणून त्याने ऑक्टोबरात आरंभ केला. त्रिभुज प्रदेशातील पाऊस तो, ऑक्टोबर ते डिसेंबर कोसळणारा. तरीही हा गृहस्थ पहाटे महामहम् तलावाला वळसा घालून दरासुरमच्या रस्त्याला लागतो. पहिल्या आठवड्यात धाप लागते. चौथ्या आठवड्यात ती लागेनाशी होते. सहाव्या आठवड्यात त्याला आपण काहीही करू शकू असे वाटू लागते. नेमका हाच धोक्याचा क्षण होय.

कारण शरीर हे एकसंध यंत्र नव्हे. त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या गतीने शिकतात. हृदय आणि फुप्फुसे हे हुशार विद्यार्थी; काही आठवड्यांतच ते नव्या श्रमाला सरावतात. स्नायू त्यांच्या पाठोपाठ येतात. कंडरा आणि हाडे मात्र संथ बुद्धीची. त्यांना महिनेच्या महिने लागतात. हाडांची तर रीतच अशी की, नवा भार पडू लागला म्हणजे ते प्रथम आपला जुना भाग पोखरून काढते आणि मागाहून तेथे नवा, अधिक बळकट भाग भरते. पोखरणे लवकर होते, भरणे सावकाश. म्हणजे ज्या आठवड्यांत धावणाऱ्याचा दम वाढून उत्साहाला उधाण आलेले असते, त्याच आठवड्यांत त्याचे हाड पूर्वीपेक्षा दुबळे असण्याचा संभव असतो. दम म्हणतो, ‘चल’. हाड म्हणते, ‘थांब’. दमाचा आवाज मोठा असतो, हाडाचा अगदी बारीक.

आपल्या कारकुनाला तो बारीक आवाज जानेवारीत ऐकू आला. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूस, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, दुखू लागले. आता दुखण्याचेही दोन प्रकार आहेत. एक दुखणे पसरट असते. सकाळी अंग जड वाटते, चार पावले धावले की ओसरते. ते श्रमाचे दुखणे. त्याचे भय नाही. दुसरे दुखणे एका बिंदूवर ठाण मांडते, धावू लागले की वाढते, आणि पुढे पुढे रात्री अंथरुणावर पडल्यावरही जागे राहते. हे दुखणे तक्रार करीत नसते, ते नोटीस बजावीत असते. या अवस्थेत काढलेल्या साध्या क्ष-किरण चित्रात पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि ‘चित्र स्वच्छ आहे’ एवढ्या आधारावर मनुष्य पुन्हा रस्त्यावर उतरतो. मग जी केसाएवढी चीर सहा-आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून आली असती, तिचे रूपांतर खऱ्याखुऱ्या अस्थिभंगात होते.

येथे या गृहस्थापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वैद्यकाचा तितकाच शीलाचाही आहे. चार महिने पहाटेची झोप मोडली. मित्रांना सांगून झाले. प्रवेशशुल्क भरले. आता थांबणे म्हणजे हरणे, असे त्याला वाटते. शिवाय जखमी अवस्थेत धावून जिंकलेल्यांच्या कथा त्याने ऐकलेल्या असतात. २०१७ साली अमेरिकेतील हार्डरॉक या डोंगरी शर्यतीत किलियन जोर्ने या स्पॅनिश धावपटूचा खांदा आरंभीच निखळला; त्याने तो बसवून, हात बांधून उरलेला मार्ग तोडला आणि शर्यत जिंकली. कथा खरी आहे. पण अशा कथा सांगितल्या जातात, त्या दुर्मिळ असतात म्हणूनच. जे दुखऱ्या हाडावर धावत राहिले आणि वर्षभर काठी घेऊन चालले, त्यांच्या कथा कोणी सांगत नाही.

या संदर्भात आर्थर न्यूटन यांचे चरित्र मनन करण्याजोगे आहे. हे न्यूटन गुरुत्वाकर्षणाचे नव्हेत. हे नाताळातील एक शेतकरी. सरकारी धोरणामुळे आपल्या शेतीवर अन्याय झाला, असे त्यांचे म्हणणे होते, आणि नाव मिळविले तर आपली दाद लागेल, या समजुतीने त्यांनी १ जानेवारी १९२२ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी धावण्यास आरंभ केला. पहिल्या दोन मैलांनीच त्यांचे अंग आंबून गेले. त्यांनी बोध घेतला तो हा, की जोराने थोडे धावण्यापेक्षा सावकाश पुष्कळ धावावे. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी कॉम्रेड्स शर्यत जिंकली, आणि १९२७ पर्यंत एकूण पाच वेळा जिंकली.

परंतु त्यांची खरी परीक्षा पुढेच होती. १९२८ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसपासून न्यूयॉर्कपर्यंत सुमारे ५,५०० किलोमीटरांची शर्यत झाली. ८४ दिवस, रोज एक टप्पा. १९९ जण निघाले, ५५ जण पोहोचले. न्यूटन आरंभी आघाडीवर होते. पण पहिल्या काही शे मैलांतच टाचेच्या कंडरेला सूज आली आणि त्यांना शर्यत सोडावी लागली. जगातील सर्वोत्तम मानला गेलेला धावपटू, आणि नावापुढे ‘अपूर्ण’! त्यांनी हट्ट केला नाही. मार्गावरील इतर धावपटूंना सल्ला देण्याचे काम पत्करून ते शर्यतीबरोबर राहिले. जिंकला तो अँडी पेन नावाचा ओक्लाहोमातील विशीतला शेतकरीपुत्र. वाटेत तोही घशाच्या विकाराने आजारी पडला होता, पण आपली संथ चाल त्याने सोडली नाही. आणि बक्षिसाच्या रकमेतून त्याने वडिलांच्या शेतावरील कर्ज फेडले. न्यूटन मात्र संपले नव्हते. १९३४ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांनी इंग्लंडमध्ये १०० मैलांचे अंतर १४ तास ६ मिनिटांत तोडले. १९२८ साली त्यांनी ती कंडरा तुटेपर्यंत ताणली असती, तर १९३४ चा पराक्रम घडता ना.

थांबावे हे खरे. परंतु थांबणे म्हणजे निजून राहणे नव्हे, हेही तितकेच खरे. याच टाचेच्या कंडरेविषयी स्वीडनमधील शल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांची हकिकत मोठी मौजेची आहे. त्यांची स्वतःचीच कंडरा दुखत होती आणि वरिष्ठ शस्त्रक्रियेस संमती देईनात. तेव्हा कंडरा तुटलीच म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा विचाराने त्यांनी दुखऱ्या टाचेवर मुद्दाम भार टाकण्याचा क्रम आरंभिला, असे ते स्वतःच सांगत आले आहेत. कंडरा तुटली तर नाहीच, उलट दुखणे कमी झाले! पुढे १९९८ साली त्यांनी १५ धावपटूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा ताठ ठेवून १५-१५ वेळा तीन आवर्तने, तितकीच गुडघा किंचित वाकवून; दिवसातून दोनदा, १२ आठवडे. ते पंधराही जण पुन्हा धावू लागले. कंडरेला विश्रांती हवी असते ती धावण्यापासून, भारापासून नव्हे. हाडाची चीर मात्र भार सहन करीत नाही. कोणत्या दुखण्याला कोणता उपचार, हे जाणकार वैद्याकडून समजून घेतल्यावाचून केलेला निग्रह आंधळा ठरतो.

आपल्या कारकुनाने, समजा, वैद्याचे ऐकले आणि आठ आठवडे धावणे बंद केले. तो पोहला, सायकलीवर बसला, आणि मार्चअखेर पुन्हा हळूहळू, चालणे आणि धावणे यांची सरमिसळ करीत, रस्त्यावर आला. आता त्याच्यापुढे दोन नवी संकटे आहेत. पहिले भूमीचे. कॉम्रेड्सचा मार्ग डोंगराळ. पाच नामांकित टेकड्या त्यावर आहेत. शर्यत एका वर्षी समुद्राकडून चढणीची, तर बहुधा दुसऱ्या वर्षी उतरणीची असते. उतार दिसायला सोपा. पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, आणि तेथेच ते फाटतात. कावेरीचा त्रिभुज प्रदेश तर तळहातासारखा सपाट. जवळपास उंचवटा म्हणावा असा एकच, स्वामिमलैच्या मुरुगाचा. तोही माणसांनी रचलेला. तमिळ संवत्सरे साठ, म्हणून त्याच्या पायऱ्याही साठ.

दुसरे संकट उन्हाचे. एप्रिल-मे महिन्यांत, तमिळ पंचांगातील अग्निनक्षत्राच्या दिवसांत, या प्रदेशातील दमट उष्मा असह्य होतो. शरीर मात्र १० ते १४ दिवसांत उष्णतेशी जुळवून घेते. रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. तेवढे दिवस मात्र वेग आणि अंतर दोन्ही आवरली पाहिजेत. पाण्याच्या बाबतीतही तारतम्य हवे. ‘जितके पाणी तितके हित’ हा उपदेश एके काळी सर्रास केला जाई. १९८१ च्या कॉम्रेड्स शर्यतीत एक स्त्री धावपटू बेशुद्ध पडली. शोध घेता असे आढळले की, तिच्या शरीरात पाणी कमी नसून फार झाले होते, आणि त्यामुळे रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरले होते. डॉक्टर टिम नोक्स यांनी अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तहान लागेल तसे प्यावे, हा जुना शहाणपणा पुन्हा मान्य झाला. वेदनाशामक गोळ्यांचेही तेच. ऐन शर्यतीत त्या घेऊन वेदना दडपणाऱ्याच्या मूत्रपिंडांना इजा होण्याचा संभव वाढतो. दुखणे ही शरीराची वाणी. ती बंद करून धावणे म्हणजे पहारेकऱ्याला गुंगी देऊन घर उघडे टाकण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, यासाठी काही ठरीव नियम का नसावा? आठवड्याला १० टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये, असा एक नियम प्रचलित आहेही. २००८ साली हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली. धावण्यास नव्याने आरंभ करणाऱ्या ५३२ जणांचे दोन गट केले. एका गटाने हा नियम पाळला, दुसऱ्याने नेहमीचा, अधिक झपाट्याचा क्रम. दोन्ही गटांत साधारण पाचांपैकी एकाला दुखापत झालीच. याचा अर्थ नियम टाकाऊ, असा नव्हे. नियम सर्वांसाठी एकच असतो, आणि हाड मात्र प्रत्येकाचे आपापले असते, एवढाच त्याचा अर्थ. गणिताने चाल आखता येते. थांबण्याची वेळ मात्र ऐकूनच ओळखावी लागते.

स्वामिमलैचे स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात. मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाची माती लिंपायची, ती तापवून मेण वितळून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. यापुढचे काम म्हणजे नुसते वाट पाहणे. साचा पुरता निवाला नाही तोच उतावीळपणाने फोडला, तर आतली मूर्ती बिघडते. त्या कारागिरांना कोणी आळशी म्हणत नाही. वाट पाहणे हाही त्यांच्या कसबाचाच भाग असतो.

कॉम्रेड्स शर्यतीचा शेवट मोठा कठोर असतो. मुदत पूर्वी ११ तासांची असे, आता १२ तासांची आहे. मुदत भरत येताच एक अधिकारी अंतिम रेषेवर, येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि नेमक्या क्षणी बंदुकीचा बार काढतो. दोन पावलांवर कोण आहे, हे त्याने पाहावयाचे नसते. १९८९ साली या बाराच्या आत, मुदतीस दोन मिनिटेही उरलेली नसताना, वॉली हेवर्ड या धावपटूने ती रेषा ओलांडली. तेव्हा त्यांचे वय ८० वर्षांचे होते. १९३० साली, २१ व्या वर्षी, त्यांनी ही शर्यत प्रथम जिंकली होती. पुढचे विजय मिळाले ते थेट १९५० ते १९५४ या काळात, चार वेळा. मध्ये २० वर्षे गेली होती. एका वर्षीच्या शर्यतीसाठी जन्मभराचे पाय मोडून घेणाऱ्याला हा हिशेब समजणार नाही.

मराठी माणसाला तरी तो समजावा. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरांची वाट वारकरी पिढ्यान्पिढ्या चालत आले आहेत. त्या वाटेवर मुक्काम ठरलेले, आणि मुक्कामाआधीचे विसावेही ठरलेले. विसाव्याला पालखी टेकली म्हणून वारी खुंटली, असे कोणी म्हणत नाही. विसावा हे वाटचालीचेच अंग आहे. म्हणूनच पायांना फोड आलेली सत्तरीची म्हातारीही वाळवंटापर्यंत पोहोचते.

आपला तो कुंभकोणमचा कारकून यंदा डर्बनला जाईल की नाही? मे महिन्याच्या अखेरीस तो फार तर ३० किलोमीटर सुखाने धावू शकतो. ९० किलोमीटरांना ते अपुरे आहे, आणि हे त्याला ठाऊक आहे. तो आपले नाव मागे घेतो. मित्र हळहळतात. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी तो नेहमीप्रमाणे महामहम् तलावाशी येतो, नडगीवरून एकदा बोट फिरवतो, आणि दुखत नाही अशी खात्री करून दरासुरमच्या रस्त्याला सावकाश लागतो. तंजावर तेथून ४० किलोमीटर आहे, आणि पुढच्या वर्षीही ते तेथेच असणार आहे.